आढ्याचं पाणी

नदीचं मूळ शोधू नये म्हणतात.
मला त्याचाच पगार मिळतो,
काउंटीच्या जमीन-पाणी खात्यातून, दर दुसऱ्या शुक्रवारी.

विस्कॉन्सिनच्या या कोपऱ्यावरून हिमनद्या गेल्याच नाहीत.
चारी बाजूंची जमीन बर्फानं रंधा मारून सपाट केली,
एवढाच तुकडा राहिला, चुरगळलेला,
दोरीवरून काढून तसाच टाकलेल्या धुण्यासारखा.
प्रत्येक चुणीत एक ओढा.
त्यातला एक लिटल हॅचेट.
वहीत मी लिहिते: धाकटी कुऱ्हाड.

लांबी सात मैल. रुंदी, मे महिन्यात, माझ्या दोन ढांगा.
उजवीकडून तीन ओघळ येतात, डावीकडून एक,
तोही ऑगस्टात येईनासा होतो.
गुडघाभर पाण्यात ट्राउट
धारेकडे तोंड करून जागच्या जागी पोहत राहतात,
कुणी हजेरी घेत असल्यासारखे.
हिशेबात मात्र दर वर्षी थोडं पाणी कमी भरतं.

डाव्या ओघळाच्या माथ्यावर ऑर्वल ट्वेटनचा गोठा.
नकाशातली पाणलोटाची रेघ
बरोबर त्याच्या आढ्यावरून जाते.
पश्चिमेच्या पत्र्यावर पडलेला थेंब हॅचेटचा,
पूर्वेच्या पत्र्यावरचा स्पून क्रीकचा.
एकाच ढगातले दोघे, वीतभर अंतरानं पडलेले,
पुन्हा भेटतील ते चौदा मैल खाली, किकापूत,
तोवर ओळख राहिली तर.

हे मी ऑर्वलला सांगितलं. ठाऊक आहे, म्हणाला,
बापानं याच रेघेवर शेत वाटलं.
पश्चिम मला, पूर्व लव्हॉनला.
पुढे काही नाही. गाईंमागून फावडं ओढत राहिला.

लव्हॉन बोलली. स्वयंपाकघरात, उभ्यानंच.
झऱ्याला वास येतो, एप्रिलमध्ये,
तो शेतावर शेणकाला फवारतो तेव्हा.
एकोणीस वर्षं सांगतेय.
तो म्हणतो, पाणी डोंगर चढत नाही.
बहीणभाऊ एकमेकांना पाण्यात पाहतात
असं आमच्याकडे नुसतं म्हणतात.
इथं मला बाटल्यांत नमुने भरून न्यायचे होते.

खडक चुनखडीचा. वरची रेघ त्याला कुणी दाखवलेली नाही.
ऑर्वलच्या मक्यात एक खळगा आहे,
बापानं त्यात तारांची भेंडोळी, फुटके कॅन
आणि एक अख्खा नांगर ढकललेला.
पाऊस पडला की पाणी त्यात उतरतं,
कुठे जातं ते कुणी विचारत नाही.

आम्ही विचारलं. मंगळवारी, सकाळी सात दहाला.
भुकटी लाल, पाण्यात पडताच हिरवी.
टँकरचा नळ ऑर्वलनं स्वतः सोडला,
दुसऱ्या हातानं कुत्र्याला मागे धरून.
माप माझं चुकलं, हे अहवालात नाही.
भुकटी जरा जास्तच पडली.

बुधवारी दुपारी लव्हॉनचा फोन.
एकतीस तास.
डोंगर न चढता, डोंगराच्या पोटातून.
जिथं तिची आई दुधाचे कॅन गार करायला ठेवायची
त्या दगडी कुंडीत पाणी हिरवं,
इतकं हिरवं की आधी मला हसूच आलं.

ऑर्वल आला. पाऊण मैल, पायी, ट्रक न घेता.
टोपी काढली नाही. कुंडीत हात घातला,
काढला, बोटं बघितली.
मला वाटलं काहीतरी म्हणेल.
लव्हॉन म्हणाली, डाग जाईल का?
ते मला की त्याला, कळलं नाही.

कचेरीत नकाशा दुरुस्त केला.
रेघ आढ्यावरून उचलून
अर्धा मैल पश्चिमेला ठेवली, तुटक तुटक,
खाली बारीक टीप: भूगर्भातून, अंदाजे.
आढ्याचं पाणी वळचणीला, आजवर इतकंच ऐकलेलं.
कोणाच्या वळचणीला, ते म्हणीत नाही.

संध्याकाळी पुलावरून धाकटी कुऱ्हाड मोजली.
सेकंदाला सहा घनफूट, त्याहून किंचित कमी.
खोडलं नाही. पुन्हा मोजलंही नाही.
वहीत कमी तसंच राहू दिलं.